तो मळ नव्हता

अंबिकाबाई टाकळकरांबद्दल उस्मानपुऱ्यात एक वाक्य ठरलेलं होतं. बाईंची जीभ टोचते, सुई टोचत नाही. रोज सकाळी पावणेसहाला त्यांची स्कूटर निघायची. पायाशी बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा, खांद्याला सुया-नळ्यांची बॅग. डॉक्टर विश्वजित यांच्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेण्याचं काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. ज्यांची शीर भल्याभल्यांना सापडत नसे, अशा म्हाताऱ्या त्यांच्याशिवाय कुणापुढे हात करत नसत.

आजोबा भिक्षुकी करणारे, वडील तहसिलीत कारकून. मुलीनं परक्या माणसांच्या रक्तात हात घालायचे, हे घरात कुणालाच रुचलं नव्हतं. अंबिकाबाईंनी भांडून शिक्षण घेतलं, भांडून नोकरी धरली. भांडणाचा त्यांना तेव्हापासून सराव.

सुरुवातीला त्यांच्याकडून साखर तपासून घेणारे लोक साठी-सत्तरीचे असत. पुढे पन्नाशीचे आले, मग चाळिशीचे. 'टेन्शनमुळं होतं हो मॅडम,' असं म्हणत तिशीतली पोरं बाही वर करू लागली, तेव्हा अंबिकाबाई रक्त घेता घेता टेबलावर नजर टाकायच्या. टेबलावर खारी, टोस्ट, फरसाण आणि रात्रीच्या कोल्ड्रिंकची निम्मी बाटली. "टेन्शन बरंच दिसतंय घरात," त्या म्हणायच्या. लोक हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

त्यांचं स्वतःचं घर मात्र त्यांच्या हातून निसटलं होतं. नवरा सदाशिवराव सहकारी बँकेत कारकून. खाण्याचा मोठा शौक. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी मिरचीभजी, रविवारी गुलमंडीवरून येताना इमरती. "आपल्या घराण्यात कुणाला साखर नाही गं," असं म्हणत त्यांनी चार वर्षं बायकोपुढे हात केला नाही. साऱ्या शहराचं रक्त घेणाऱ्या बाईच्या घरचंच रक्त तपासायचं राहिलं. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. दीड वर्ष आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकदा मशीनवरून परतताना रिक्षात ते म्हणाले होते, "अंबे, माझ्यावर चिडलीयस ना? चीड. पण खाणारा एक असतो, वाढणारे शंभर असतात. त्यांच्यावरही थोडी चीड."

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. अंबिकाबाईंचा राग त्या दिवसापासून घरात मावेनासा झाला होता, पण त्याला नेमकं कुठं जायचं हे ठाऊक नव्हतं. ते कळलं पडेगावात, नानासाहेबांच्या घरी.

नानासाहेब मूळचे पाचोडचे. मोसंबीची बाग भावाकडे सोपवून, मुलगा राजेंद्र वाळूजच्या कारखान्यात लागला म्हणून ते पडेगावात राहायला आले होते. राजेंद्र आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, त्यामुळं घर आणि नात सायली दोन्ही आशाबाईंच्या, म्हणजे नानासाहेबांच्या बायकोच्या, अंगावर. साखरेपायी नानासाहेबांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. दर महिन्याला अंबिकाबाई त्यांचं रक्त न्यायला यायच्या.

त्या सकाळी नळी भरत होती, तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. मोरीच्या दारात तेरा वर्षांची सायली शाळेचा गणवेश घालून उभी होती आणि आशाबाई तिची मान चोळत होत्या. हातात अंग घासायचा खरबरीत दगड. मानेवर कोळशासारखा काळा पट्टा, आणि त्या काळ्यावर दोन ठिकाणी कातडं सोलून लाल झालेलं.

"अहो, काय करताय हे?" अंबिकाबाई ओरडल्या.

"लई मळ बसतुया बाई हिच्या मानंला," आशाबाई दमून म्हणाल्या. "बेसन लावलं, लिंबू लावलं, दही लावलं. दोन वरीस झालं घासायलेय. निघतच नाय. वर्गातल्या पोरी तिला पारोशी म्हणत्यात. मंग ही घरी येऊन माझ्यावर चिडती."

अंबिकाबाईंनी सुई काढली, नानासाहेबांच्या हातावर कापूस दाबला आणि उठून पोरीजवळ गेल्या. बोटानं मान चाचपली. कातडी मखमलीसारखी जाड झालेली. काखेतही तसंच. ही खूण त्यांनी डॉक्टर विश्वजित यांच्याकडून कितीदा ऐकली होती. शरीरात इन्सुलिन तयार होतं पण लागू पडत नाही, तेव्हा कातडी अशी काळी पडते.

"आशाबाई, तो दगड फेकून द्या. हा मळ नाहीये."

"मंग काय हाय?"

"सायली, तू डबा काय नेतेस शाळेत?"

सायलीनं आजोबांकडं पाहिलं. नानासाहेबच बोलले. "डबा न्यायची बंदी हाय त्यांच्या शाळंत. तेल सांडतं, वास येतो म्हणत्यात. कँटीनमधूनच घ्यायचं. आमची भाकरी वास मारती त्यांना."

"आणि कँटीनमध्ये काय मिळतं गं?"

"नूडल्स," सायली पुटपुटली. "वेफर. क्रीम बिस्किट. आंब्याचा ज्यूस, बाटलीतला. तहान लई लागते ना, म्हणून ज्यूस दोनदा घेते मी."

पोरीला तहान लागत होती, आणि तहान भागवायला ती साखर पीत होती. अंबिकाबाईंनी नवी नळी काढली. सायलीनं नाश्ता केलेला नव्हता, म्हणजे उपाशीपोटीचं रक्त मिळत होतं. राजेंद्रला फोन लावून परवानगी घेतली आणि पोरीचा हात पुढं घेतला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर एकशे एक्कावन्न. तीन महिन्यांची सरासरी सात पॉइंट चार. आजोबांची आणि नातीची, दोघांची सरासरी जवळपास सारखी.

"मॅडम, ती गोड खात नाही हो," राजेंद्र फोनवर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. "पेढा दिला तरी खात नाही. काहीतरी चुकलंय मशीनचं."

"मशीन ठीक आहे. पेढा खात नाही, पाकीट खाते. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडं ने तिला. आणि तुझ्या आईला सांग, नातीची माफी माग."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं त्यांना फोन ठेवल्यावर वाटलं. मग वाटलं, माफी मागायचीच असेल तर ती आशाबाईंच्या बऱ्याच अगोदर रांगेत उभ्या असलेल्यांनी मागावी.

सायलीची शाळा दौलताबाद रस्त्याला लागून होती. फाटकावरच मोठा फलक. 'खुसखुस वेफर्स – आमच्या खेळाडूंचे ऊर्जास्रोत'. मुख्याध्यापिका मृण्मयी मॅडम गोड बोलणाऱ्या होत्या. अंबिकाबाईंनी मुद्दाम त्यांच्याहून गोड बोलायचं ठरवून जिभेला लगाम घातला. सातवी ते नववीच्या मुलांची मोफत रक्ततपासणी करू द्या, लॅबचे डॉक्टर तयार आहेत, एवढंच मागितलं.

मॅडमचे डोळे चमकले. "अरे वा! पुढच्या महिन्यात आमचा आरोग्य सप्ताह आहे. फोटो छान येतील."

"फोटो काढा. पण पालकांच्या सहीशिवाय मी एकाही मुलाला हात लावणार नाही. आणि रिपोर्ट पालकांना मिळाला पाहिजे."

"ऑफ कोर्स," मृण्मयी मॅडम म्हणाल्या.

एकशे ब्याण्णव पालकांनी सह्या करून दिल्या. दोन सकाळी अंबिकाबाई शाळेच्या हॉलमध्ये बसल्या. रडणाऱ्याला दटावून, घाबरणाऱ्याला बोलण्यात गुंतवून एकेक दंड हातात घेत गेल्या. चौथ्या-पाचव्या पोरानंतर त्यांची नजर आपोआप मानेकडं जाऊ लागली. कुणाची काळी, कुणी कॉलर वर ओढून बसलेलं. एका मुलीनं मानेला टाल्कम पावडर फासली होती. रक्त घेऊन झालं की शाळा प्रत्येक मुलाला खाऊ म्हणून एक वेफरचं पाकीट देत होती. रक्त दिलेल्या हातात. फोटोवाल्यानं त्याचेच फोटो काढले.

एकशे ब्याण्णवपैकी चौतीस मुलांची साखर जास्त निघाली. त्यातल्या तिघांची सायलीइतकी. डॉक्टर विश्वजित यांनी सगळे रिपोर्ट बंद पाकिटांत घालून शाळेकडं पाठवले.

पंधरा दिवस गेले. अंबिकाबाई पडेगावात कुणाकडंही गेल्या की वाटेत सायलीला विचारायच्या, "तुझ्या वर्गातल्यांना आले का गं रिपोर्ट?" सायली नाही म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात अंबिकाबाई सरळ शाळेत गेल्या.

"एकंदर निकाल छान आहे," मृण्मयी मॅडम म्हणाल्या. "आम्ही अहवालात तसं लिहिलंसुद्धा."

"चौतीस मुलांना त्रास आहे. त्यांच्या आईबापांना कळवलं?"

"कळवू ना. आत्ता वार्षिक संमेलन आहे. प्रायोजक येणार आहेत, आणि नेमका तोच विषय... तुम्ही समजू शकता. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, संमेलन होऊन जाऊ दे. पालक उगाच घाबरतील."

"रिपोर्ट कुठं आहेत?"

मॅडमनी मान मागं वळवली. खुर्चीमागं लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप होतं. ट्रॉफ्या काचेत आणि रिपोर्ट लोखंडात.

अंबिकाबाईंची कानशिलं तापली. "मॅडम, ते रक्त मी माझ्या हातानं काढलंय. मुलं रडली, तरी काढलं, कारण मी त्यांना सांगितलं होतं की हे तुमच्या भल्यासाठी आहे. तुम्ही मला खोटं पाडलंत. घाबरू देत ना पालकांना! घाबरण्यासारखंच आहे ते. वेळेवर घाबरलेला माणूस वाचतो. माझा नवरा घाबरला नाही, तो मेला."

"आवाज खाली करा, प्लीज. मुलं ऐकतील."

"ऐकू देत! त्यांचंच आहे ते."

शिपायानं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

लॅबमध्ये डॉक्टर विश्वजित सगळं ऐकून चष्मा पुसू लागले. माणूस वाईट नव्हता. पण तात्यासाहेबांच्या संस्थेच्या चार शाळा, एक कॉलेज आणि एक वसतिगृह, या सगळ्यांच्या तपासण्या त्यांच्याकडं यायच्या. "मॅडम, शिबिर शाळेनं घेतलं होतं. आपण रिपोर्ट शाळेला दिले. आपलं काम संपलं."

"सही कुणाची आहे अर्जावर? पालकांची. रक्त ज्याचं, कागद त्याचा. हे तुम्हीच मला शिकवलंत, मी नवी होते तेव्हा."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "मी जेवायला घरी जातोय. कॉम्प्युटर चालू आहे. मी हो म्हणत नाही, मॅडम. नाहीही म्हणत नाही."

अंबिकाबाईंना त्या बोलण्याचीही चीड आली. पण त्यांनी चौतीस रिपोर्ट छापले. प्रत्येक पाकिटावर फक्त पालकाचं नाव आणि पत्ता लिहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची फेरी संपली की पडेगाव, मिटमिटा, छावणी अशा भागांत दारं वाजवायला लागल्या.

शाबासकीच्या आशेनं त्या निघाल्या नव्हत्या, हे बरं झालं. तिसऱ्याच दारात एका बाईनं पाकीट उघडून वाचलं आणि फाडलं. "माझ्या मुलीला शुगर आहे म्हणता? उद्या तिला कोण करून घेईल? हळू बोला, शेजारी ऐकतील." एका घरी वडील म्हणाले, "पोरगा खात्यापित्या घरचा आहे, जरा जाड असणारच." एका घरी आजी देवापुढं बसल्या, उठल्याच नाहीत. कुणी पाणी विचारलं, कुणी दारातूनच बोळवलं. आठ दिवसांत अंबिकाबाईंना एक गोष्ट कळली. या शहरात साखर असणं चालतं, साखर आहे असं म्हणणं चालत नाही.

विसाव्या की एकविसाव्या घरी दार उघडलं देवेश नावाच्या माणसानं. दिवाणखान्यात सोफ्यापर्यंत खोक्यांची थप्पी लागलेली. सगळ्या खोक्यांवर खुसखुस. त्याचा मुलगा सत्यम सातवीत होता.

देवेशनं रिपोर्ट दोनदा वाचला. मग खोक्यांकडं पाहिलं. "मॅडम, या भागाची एजन्सी माझी आहे. त्या शाळेत मीच माल टाकतो. सहा वर्षांपासून." त्यानं डोळे पुसले. "बाकीच्यांची पोरं तरी विकत घेऊन खायची. माझा हवं तेव्हा खोकं फोडायचा. मी कौतुकानं बघत बसायचो."

अंबिकाबाईंच्या तोंडात शब्द तयार होते, धारदार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळले. "डॉक्टरांचा नंबर पाकिटात लिहिलाय," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली येऊन त्यांनी पुढचं पाकीट काढलं आणि परत बॅगेत ठेवलं. ज्याच्यावर चिडायचं तो असा समोर येऊन रडायला लागला तर रागानं करायचं काय?

उत्तर दोन दिवसांत मिळालं. शाळेनं पालकसभा बोलावली. विषय, 'एका बाहेरच्या व्यक्तीने पसरवलेली घबराट'. अंबिकाबाईंना बोलावणं नव्हतंच. नानासाहेब आणि आशाबाईंनी त्यांना आपल्याबरोबर नेलं. "या माझ्या घरच्या हायेत," असं नानासाहेबांनी फाटकावर सांगितलं आणि काठी टेकत आत शिरले.

हॉल भरला होता. तात्यासाहेब व्यासपीठावरून शांतपणे बोलत होते. शाळेची बदनामी, खासगी माहिती, लॅबचा धंदा. "आणि खाण्याचं म्हणाल, तर ती घरची जबाबदारी. आपण मुलांवर बळजबरी करतो का?"

काही पालकांनी टाळ्या वाजवल्या. रिपोर्ट फाडणारी बाईही त्यांत होती. अंबिकाबाई उभ्या राहिल्या, तशी माईकवरून सूचना आली, पालकांनीच बोलावं. त्या तशाच उभ्या राहिल्या. आणि मग शेजारून आशाबाई उठल्या. लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, माईक हातात कसा धरायचा तेही ठाऊक नाही.

"मला भाषण येत नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीची मान काळी पडली. मी म्हटलं, मळ हाय. दोन वरीस दगडानं घासली मी तिची मान. रगत निघंस्तोवर. ती वरडायची, मला सोड आजी म्हणायची. मी म्हणायची, घाण पोरगी." त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. मग एकदम त्यांचा सूर चढला. "मी अडाणी हाय. मला कळलं नाय. तुमच्या कपाटात तर कागद होता ना लिवलेला? तुम्हाला वाचता येतंय ना? मंग तुम्ही काहून कुलूप लावलं? आमची भाकरी वास मारती म्हून डबा बंद केला, आन् वर म्हणता घरची जबाबदारी? भाकरी घरचीच होती की! तुम्हीच ती फाटकाबाहेर काढली!"

मागच्या रांगेतून देवेश उठला. "कँटीनचा माल मी देतो," तो म्हणाला. "डबा बंद करायची कल्पना कंपनीची होती. मीटिंगला मी हजर होतो. तात्यासाहेबही होते."

मग जो गोंधळ झाला तो आवरायला तासभर लागला. खुर्च्या सरकल्या, मृण्मयी मॅडम रडल्या, तात्यासाहेब मागच्या दारानं गेले. कपाट त्याच दुपारी उघडलं गेलं.

इथं गोष्ट सुफळ झाली असं म्हणता आलं असतं, पण तसं झालं नाही. डबा आणायची परवानगी मिळाली, हे खरं. कँटीन 'दुरुस्तीसाठी' बंद झालं आणि दोन महिन्यांनी नव्या हिरव्या पाटीसह उघडलं. पाटीवर 'हेल्दी कॅफे'. आत तीच कंपनी, पाकिटावर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि 'बेक्ड' असा शिक्का. संस्थेच्या सगळ्या तपासण्या दुसऱ्या लॅबकडं गेल्या. डॉक्टर विश्वजित यांनी अंबिकाबाईंना 'थोडे दिवस विश्रांती' घ्यायला सांगितलं. अंबिकाबाईंनी बॅग त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "विश्रांती तुम्ही घ्या. तुम्हाला हो आणि नाहीच्या मध्ये उभं राहून दमायला झालं असेल." देवेशनं एजन्सी सोडली, कंपनीनं आठवड्यात दुसरा माणूस नेमला.

चौतीस घरांपैकी अकरा घरं पुन्हा तपासणीला आली. तेवीस आली नाहीत. सायलीची सरासरी सहा महिन्यांत सहाच्या खाली उतरली. ती आता सकाळी नानासाहेबांबरोबर चालायला जाते, ते आपली काठी टेकत आणि ती पुढं पळत. आशाबाईंशी ती बरेच दिवस बोलली नाही. मग एका सकाळी आपणहून येऊन तिनं आजीपुढं वेणी घालायला पाठ केली. आशाबाईंचा हात मानेपाशी येऊन थबकला, तेव्हा ती म्हणाली, "घाल की गं. दुखत नाय आता."

अंबिकाबाई त्या तेवीस घरांवरून जातात तेव्हा अजूनही स्कूटर हळू करतात. कुणी म्हणालं, तुम्ही अकराजणांचं भलं केलंत, तर त्या उसळतात. "तेवीसजणांचं काय? अकरा धरून बसू का मी?" हॉस्पिटलात त्या डायलिसिसच्या खुर्च्या त्यांनी दीड वर्ष पाहिल्यात. तिथं रिकामी खुर्ची त्यांना कधी दिसली नाही. पुढच्या रांगा कुठल्या फाटकातून निघतात हे आता त्यांना पाठ झालंय, आणि म्हणूनच राग शांत होत नाही. तो शांत व्हावा असं त्यांना वाटतही नाही.

आता त्या एका छोट्या लॅबसाठी रक्त घेतात. परवा त्यांना फोन आला. पाचोडकडच्या एका शाळेतल्या मास्तरांचा. आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मी मुलं पाकिटं खाऊनच दुपार काढतात, मुलं दमतात, झोपतात, तुम्ही येऊन तपासणी कराल का, असं ते विचारत होते.

"येईन," अंबिकाबाई म्हणाल्या. "पण रिपोर्ट कुणाच्या हातात देणार?"

"पालकांच्याच ना, मॅडम. दुसऱ्या कुणाच्या?"

"तसं लिहून द्या," अंबिकाबाई म्हणाल्या. "सही करून. मग गाडी काढते."